न कापणाऱ्या सुरीचा जनक

कैरीचे दिवस आले की जुन्या लोखंडी विळीची परीक्षा सुरू होई. लोणच्याच्या फोडी करता करता पाते काळे पडे, फोडींना काळपट कड येई आणि हाताला लोखंडाचा वास राही. काम संपले की विळी लगेच धुऊन, पुसून, पात्याला तेलाचा हात लावून ठेवावी लागे. एवढे करूनही पावसाळ्यात एक दिवस विसर पडला, तर दुसऱ्या दिवशी पात्यावर तांबूस गंज दिसेच.

हीच अडचण एकेकाळी शल्यचिकित्सकांनाही होती. जंतू मारायचे तर हत्यारे उकळली पाहिजेत. उकळली तर ती गंजणार आणि त्यांची धार जाणार. आज घरातली सुरी लिंबू कापूनही चकाकते आणि इस्पितळातली कात्री दिवसातून अनेकदा वाफेच्या भट्टीतून जाऊनही स्वच्छ राहते. यामागे जी काही मोजकी नावे आहेत, त्यांत इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या हॅरी ब्रिअर्ली यांचे नाव ठळक आहे. गंमत अशी, की त्यांनी न गंजणारे पोलाद तर दिले. पण त्याची सुरी सुरुवातीला कापेचना. दोष पोलादात नव्हता. ते किती तापवायचे, कधी पाण्यात किंवा तेलात बुडवायचे आणि पुन्हा किती तापवायचे, हे कुणाला ठाऊक नव्हते. ब्रिअर्ली यांच्या आयुष्याची कथा बरीचशी या तापमानाचीच कथा आहे.

भट्टीच्या शेजारचे बालपण

हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ रोजी शेफिल्डमध्ये झाला. वडील जॉन हे पोलादाच्या भट्टीवर मूस ओतणारे कामगार. कुटुंब मोठे, घर अगदी लहान, एका गजबजलेल्या वस्तीतले. पैसा जेमतेम.

शेफिल्ड म्हणजे सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांचे गाव. शेकडो वर्षांपासून तिथल्या नद्यांच्या पाण्यावर सहाणेची चाके फिरत होती. त्या धंद्याने शहराला नाव दिले आणि आजारही दिला. वालुकाश्माच्या चाकांवर पाती घासताना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत साठे. त्यांना ऐन तारुण्यात खोकला आणि दम लागे, आणि अनेक जण चाळिशीही पाहत नसत. आज ज्याला सिलिकोसिस म्हणतात, तोच हा आजार.

पोलाद त्या काळी मातीच्या मुशीत वितळवले जाई. एका मुशीत साधारण २५ किलो माल. तो तयार झाला की नाही हे सांगणारे यंत्र नव्हते. भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला कारागीर धातूचा रंग, त्याची उकळी, त्याचा पातळपणा पाहून सांगे. आपल्याकडे चिक्कीचा पाक झाला की नाही, हे अनुभवी बाई थेंब पाण्यात टाकून ओळखते, तसेच हे ज्ञान. ते पुस्तकात नव्हते. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जात होते. हॅरीने ते लहानपणीच पाहिले. शाळा सुटल्यावर तो वडिलांच्या भट्टीपाशी रेंगाळे.

बाराव्या वर्षी त्याची शाळा संपली. काही किरकोळ कामे करून तो वडील जिथे काम करत, त्याच थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत लागला. काम होते बाटल्या धुण्याचे.

बाटल्या धुणारा मुलगा

प्रयोगशाळेचे प्रमुख जेम्स टेलर हे त्याला भेटलेले खरे गुरू. या मुलाच्या हातात आणि डोक्यात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखले. त्यांनी त्याला गणिताकडे वळवले, रात्रशाळेत जायला लावले. हॅरी दिवसा काचसामान धूत असे आणि रात्री अभ्यास करत असे. हळूहळू तो पोलादाचे रासायनिक पृथक्करण करू लागला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. पण १९०२ मध्ये पोलाद कारखान्यातील पदार्थांच्या पृथक्करणावर त्याने फ्रेड इबॉटसन यांच्यासह लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा बाटल्या धुणारा हा मुलगा हॅरी ब्रिअर्ली या नावाने धातुशास्त्रज्ञांमध्ये ओळखला जाऊ लागला होता.

१९०४ मध्ये फर्थ कंपनीने ब्रिअर्ली यांना रीगा येथील आपल्या कारखान्यात पाठवले. आज लॅटव्हियाची राजधानी असलेले हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथून परतल्यावर १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राउन या दोन पोलाद कंपन्यांनी मिळून काढलेल्या संशोधन प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. १९११ मध्ये त्यांचे हत्यारांच्या पोलादाच्या उष्णता-उपचारावरचे पुस्तक आले. कोणत्या धातूत काय मिसळले आहे, एवढे कळून भागत नाही. तो कसा तापवला आणि कसा थंड केला, यावर त्याचा स्वभाव ठरतो, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा गाभा थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

पाणी देणे आणि उतरवणे

आपला गावचा लोहार कोयता घडवतो, लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. याला तो पाणी देणे म्हणतो. साधे कार्बनचे पोलाद साधारण ७६० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. ते सावकाश थंड केले तर कार्बन पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहते. झटकन थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकून बसतो आणि लोखंडाची मांडणी ताणलेली राहते. अशा पोलादाला शास्त्रज्ञ मार्टेन्साइट म्हणतात. ते फार कठीण असते. कानस त्यावरून घसरते. पण ते काचेसारखे ठिसूळही असते. जमिनीवर पडले तरी पाते तुटू शकते.

म्हणून दुसरी पायरी येते. पाणी दिलेले पाते पुन्हा तापवायचे, पण यावेळी खूपच कमी. साधारण १५० ते ३०० अंश. याला कारखान्यात टेम्परिंग म्हणतात. या उष्णतेने अडकलेला थोडा कार्बन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर येतो, आतला ताण सैल होतो. कठीणपणा थोडा उतरतो, चिवटपणा वाढतो. किती उतरवायचे, हे त्या हत्याराला कोणते काम करायचे आहे यावर ठरते.

जुन्या कारागिरांकडे तापमापक नव्हता, पण पोलादच त्यांना तापमान सांगे. घासून चकचकीत केलेले पाते तापू लागले, की त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर येतो आणि तो जाड होत जाईल तसा रंग बदलतो. सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, २३० च्या आसपास गवती पिवळा, २५५ ला तपकिरी, २७५ ला जांभळा, २९० ला झगझगीत निळा, ३१५ ला गडद निळा. गळू फोडण्याचे नश्तर फिकट पिवळ्यावर थांबवायचे, वस्तरा आणि शस्त्रक्रियेची पाती गवती पिवळ्यावर, कात्री तपकिरीवर, जेवणाची सुरी जांभळ्यावर, तलवार आणि घड्याळाची स्प्रिंग निळ्यावर, करवत गडद निळ्यावर. या यादीत बरेच शहाणपण साठलेले आहे. नश्तराला केसासारखी धार हवी, ते कुठे आपटत नाही. म्हणून ते कठीण ठेवायचे. करवतीला वाकावे लागते. म्हणून तिला जास्त उतरवायचे.

धार टिकणे म्हणजे नेमके काय, हेही यातून कळते. धारेचे टोक केसापेक्षा कितीतरी पातळ असते. पोलाद मऊ असेल, तर ते टोक कांद्याखालच्या पाटावर टेकताच एका बाजूला वळते. पोलाद फार कठीण आणि ठिसूळ असेल, तर ते वळत नाही, पण त्याचे बारीक टवके उडतात. दोन्ही वेळा आपण एवढेच म्हणतो, की धार गेली. चांगली सुरी म्हणजे वळू नये इतकी कठीण आणि तुटू नये इतकी चिवट. या दोन टोकांमधली जागा अरुंद असते. त्यातही एक खड्डा आहे: पुष्कळ साध्या पोलादांत २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान कठीणपणा तर उतरतो, पण चिवटपणा वाढण्याऐवजी कमी होतो. म्हणजे जास्त तापवले की जास्त चिवट, असा सरळ हिशेब नाही.

बंदुकीच्या नळीपासून व्हिनेगरपर्यंत

१९१२ मध्ये ब्रिअर्ली यांच्यापुढे एक लष्करी प्रश्न आला. रायफलच्या नळ्या आतून झिजत होत्या. दारूच्या तप्त वायूंनी नळीचे तोंड मोठे होई, गोळी सैल बसे आणि नेम चुके. क्रोमियम घातलेले पोलाद जास्त उष्णता सोसेल, असा विचार करून ब्रिअर्ली यांनी वेगवेगळ्या प्रमाणांत क्रोमियम मिसळून पाहायचे ठरवले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीत जो माल ओतला गेला, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. हाच तो प्रसिद्ध घाण.

बंदुकीच्या नळीसाठी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद पाहायचे, तर त्याचा पृष्ठभाग आधी आम्लाने किंचित खावा लागतो, म्हणजे आतली रचना उठून दिसते. हे पोलाद आम्लाला दाद देईना. त्यातही एक विशेष होते. त्याच मालाचे पाणी दिलेले तुकडे अजिबात खाल्ले जात नव्हते, तर मऊ केलेले तुकडे थोडे खाल्ले जात होते. दुसऱ्या कुणी याला प्रयोगातला त्रास म्हणून सोडून दिले असते. ब्रिअर्ली उष्णता-उपचाराचे जाणकार. त्यांना दिसले, की हे पोलाद गंजते की नाही, हेसुद्धा ते कसे तापवले आहे यावर ठरते. मग त्यांनी व्हिनेगर लावून पाहिले, लिंबाचा रस लावून पाहिला. डाग पडला नाही.

कचऱ्याच्या ढिगाऱ्यात पडलेला एक तुकडा चकाकताना दिसला आणि शोध लागला, अशी गोष्ट नंतर वर्तमानपत्रांनी रंगवली. खरी हकिकत प्रयोगशाळेतल्या निरीक्षणाची आहे.

कारण आज माहीत आहे. पोलादात साधारण ११-१२ टक्क्यांहून जास्त क्रोमियम मोकळे असेल, तर हवेतील ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा, अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. अट एकच: क्रोमियम मोकळे हवे. मऊ केलेल्या पोलादात त्यातले बरेच क्रोमियम कार्बनशी बांधले जाऊन कणांत अडकते आणि संरक्षण कमी पडते. नीट तापवून पाणी दिले, की ते विरघळून सगळीकडे पसरते.

सुरी कापेना

शेफिल्डच्या माणसाला या शोधानंतर पहिली आठवण सुरीची होणार, हे उघडच होते. त्या काळी जेवणाच्या सुऱ्या रोज घासणे, पुसणे, चमकावणे हे घरातल्या नोकरांचे मोठे कष्टाचे काम असे. ब्रिअर्ली यांनी आपल्या वरिष्ठांना हे सुचवले. पण त्यांनी फार रस घेतला नाही. मग नमुने शहरातल्याच सुरी बनवणाऱ्यांकडे गेले. त्यांचा अभिप्राय निराशाजनक होता: हे पोलाद सुरीच्या कामाचे नाही. ते घडवताना हत्यारे मोडतात, आणि पाती नीट होत नाहीत.

त्या कारागिरांची चूक समजण्यासारखी आहे. पिढ्यान् पिढ्या त्यांनी कार्बनचे पोलाद हाताळले होते. त्याला सुमारे ८०० अंशांची लाली पुरे. क्रोमियमच्या पोलादातले कण मात्र इतक्या कमी उष्णतेत विरघळतच नाहीत. त्यांना ९५० ते १०५० अंश लागतात. जुन्या सवयीने तापवून बुडवले, तर पाते मऊच राहते आणि त्याला धार धरत नाही. त्याहून जास्त, अंदाजाबाहेर तापवले, तर आतले कण मोठे होतात आणि पाते ठिसूळ होते. शिवाय हे पोलाद नुसत्या हवेतही कठीण होते. घडवून बाजूला ठेवलेले पाते थंड होता होता कठीण बनते आणि त्याला भोक पाडायला गेले की साधन बोथट होते. म्हणजे एकाच मालाबद्दल एक जण म्हणे फार मऊ आहे, दुसरा म्हणे फार कठीण आहे. आणि दोघेही खरे बोलत होते.

रंगाची जुनी ओळखही इथे फसवी ठरते. क्रोमियममुळे ऑक्साइडचा थर सावकाश वाढतो, म्हणून या पोलादावर पिवळा रंग यायला साध्या पोलादापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. निळा रंग येईपर्यंत थांबले, तर तापमान ५०० अंशांच्या पुढे गेलेले असते. ४५० ते ६०० अंशांचा टप्पा तर या जातीच्या पोलादाला विशेष वाईट. तिथे क्रोमियमचे बारीक कण बाहेर पडतात, त्यांच्या आजूबाजूचा भाग क्रोमियमला मुकतो आणि तिथे गंज धरतो, चिवटपणाही घसरतो. म्हणून अशा सुरीचे टेम्परिंग सहसा १५० ते २५० अंशांच्या आसपासच करतात. तेवढ्याने ठिसूळपणा जातो, धार आणि चकाकी दोन्ही राहतात.

१९१४ मध्ये ब्रिअर्ली यांची गाठ अर्नेस्ट स्टुअर्ट यांच्याशी पडली. ते आर. एफ. मोझली या सुरी कारखान्याचे व्यवस्थापक. न गंजणाऱ्या पोलादावर त्यांचाही सुरुवातीला विश्वास नव्हता, पण त्यांनी नमुना घेतला आणि स्वतः व्हिनेगरमध्ये तपासला. डाग पडत नाही हे पाहून त्यांनीच त्याला स्टेनलेस, म्हणजे डागरहित, हे सुटसुटीत नाव दिले. पाती करण्याचे पहिले प्रयत्न मात्र त्यांच्याकडेही फसले. हत्यारे खराब झाली, पाती ठिसूळ निघाली. अखेर ब्रिअर्ली स्वतः कामाच्या जागी उभे राहिले, तापमान किती हवे हे त्यांनी कारागिरांना दाखवले आणि सुऱ्या जमल्या.

तरी बदनामी चिकटली ती चिकटलीच. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक, अशी त्यांची शहरात थट्टा झाली. पुढे महायुद्धानंतर बाजारात आलेल्या अनेक स्टेनलेस सुऱ्याही बोथट निघाल्या. त्याला दोन कारणे होती. एक, घाईघाईने या धंद्यात उतरलेल्यांचा चुकलेला उष्णता-उपचार. दुसरे, पोलादातच कार्बन कमी असणे. कार्बन कमी, तर पाणी देऊनही कठीणपणा मर्यादितच राहतो. नंतर सुरीसाठी कार्बन थोडा वाढवला गेला आणि भट्ट्यांना तापमापक आले, तेव्हा तक्रारी हळूहळू कमी झाल्या.

शोध कुणाचा?

शोधाच्या मालकीवरून ब्रिअर्ली आणि कंपनी यांच्यात बिनसले. काम कंपनीच्या प्रयोगशाळेत झालेले, म्हणून हक्क आपला, असे कंपनीचे म्हणणे. ज्या शोधाकडे वरिष्ठांनी पाठ फिरवली, त्याचे श्रेय तेच घेणार, हे ब्रिअर्ली यांना पटेना. ते १९१५ मध्ये फर्थ सोडून ब्राउन बेली या दुसऱ्या पोलाद कारखान्यात गेले. इंग्लंडमधले पेटंट घेण्याची संधी हुकली होती. अमेरिकेतले पेटंट त्यांनी जॉन मॅडॉक्स यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये मिळवले. पुढे फर्थ कंपनीबरोबर तडजोड होऊन दोघांच्या नावाने एक मंडळी स्थापन झाली. युद्धकाळात हे पोलाद सुऱ्यांऐवजी विमानांच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हसाठी वापरले गेले. तिथे तप्त वायूंपुढे टिकण्याचा त्याचा गुण कामी आला.

खरे तर हा शोध एकट्या ब्रिअर्ली यांचा म्हणता येणार नाही. जर्मनीत क्रुप कंपनीच्या एडुआर्ड मॉरर आणि बेन्नो श्ट्राउस यांनी १९१२ मध्येच क्रोमियम आणि निकेल घातलेले न गंजणारे पोलाद तयार केले होते. अमेरिकेत एलवुड हेन्स यांनीही स्वतंत्रपणे क्रोमियमच्या पोलादावर काम केले. ब्रिअर्ली यांचे वेगळेपण असे, की त्यांनी पाणी देऊन कठीण करता येईल, ज्याला धार लावता येईल असे पोलाद ओळखले आणि ते प्रयोगशाळेतून कारागिराच्या ऐरणीपर्यंत नेले. १९२० मध्ये त्यांना पोलाद क्षेत्रातले मानाचे बेसेमर सुवर्णपदक मिळाले.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

जंतुनाशनाचे महत्त्व पटल्यावर डॉक्टर हत्यारे उकळू लागले. पण कार्बन पोलादाची हत्यारे साध्या पाण्यात उकळली की गंजत. म्हणून पाण्यात धुण्याचा सोडा घालण्याची पद्धत पडली. वरून निकेलचा मुलामा दिला जाई. तो सांध्यांपाशी, दातऱ्यांपाशी उडे आणि त्या खाचांत गंज, रक्त आणि जंतू साठत. स्टेनलेस पोलादाने ही अडचण मोठ्या प्रमाणावर सोडवली.

आज थिएटरमधले प्रत्येक स्टील सारखे नसते. कात्री, चिमटे, सुई धरण्याची पक्कड, हाडे कापण्याची हत्यारे ही बहुतांशी ब्रिअर्ली यांच्या जातीच्या, पाणी देता येणाऱ्या पोलादाची. ट्रे, वाट्या, भांडी ही १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या जातीची. ती जास्त गंजरोधक, पण पाणी देऊन कठीण होत नाही. घरच्या सुरीला लोहचुंबक चिकटते आणि चांगल्या स्टीलच्या ताटाला सहसा चिकटत नाही, ते याच फरकामुळे. मोडलेल्या हाडाला बसवण्याच्या पट्ट्या आणि स्क्रू यांसाठी मॉलिब्डेनम घातलेली आणखी वेगळी जात वापरतात, कारण शरीरातले खारट द्रव दीर्घकाळ सोसायचे असतात.

टेम्परिंगचा प्रश्न इथे केवळ धारेचा राहत नाही. हाड कापताना ठिसूळ हत्याराचा टवका उडाला, तर तो जखमेत राहू शकतो. मऊ कात्री ऊती कापण्याऐवजी चेमटते. चेमटलेली ऊती उशिरा भरते. म्हणून कुठल्या हत्याराला किती कठीणपणा आणि किती चिवटपणा, हे आजही विचारपूर्वक ठरवावे लागते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंशांची वाफ असते. ती टेम्परिंगच्या तापमानाहून कमी, म्हणून पाते मऊ पडत नाही. तेच पाते स्पिरिटच्या किंवा गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरले, तर जंतू मरतील; पण धारेचे पातळ टोक काही सेकंदांत कित्येक शे अंशांवर जाऊन कायमचे बिघडेल.

घरच्या सुरीलाही हेच लागू. प्लास्टिक कापायला किंवा डबा उघडायला सुरी गॅसवर तापवली, की तिची धार पुन्हा पूर्वीसारखी टिकत नाही. सहाणेवर कोरडी, जोर देऊन धार लावताना कडेला निळसर झाक आली, तर तिथले पोलाद मऊ पडले समजावे. स्टेनलेसमध्ये तर ती झाक फारच जास्त उष्णता झाल्याची खूण. उकळत्या पाण्याने धुतल्यास मात्र काही बिघडत नाही. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, असेही नाही. मिठाच्या पाण्यात किंवा लोणच्याच्या खारात सुरी रात्रभर पडली, तर मिठातले क्लोराइड तो पातळ थर भेदते आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. धुवावी, पुसावी, कोरडी ठेवावी. आणि भाजीच्या कठीण, पातळ सुरीने हाड किंवा गोठलेला पदार्थ तोडू नये. त्यासाठी जाड आणि चिवट पाते असते.

कारागिरांचा माणूस

ब्रिअर्ली ब्राउन बेली कारखान्यातून निवृत्त झाले, तरी लिहीत राहिले. १९३३ च्या पुस्तकात त्यांनी पोलाद बनवणाऱ्या जुन्या कामगारांविषयी मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले. १९४१ मध्ये आत्मचरित्र आले. आयुष्यभर प्रयोगशाळेत काम करूनही, भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेला त्यांनी कमी लेखले नाही. ज्या कारागिरांनी त्यांचे पोलाद निकामी ठरवले, त्यांची नजर खोटी नव्हती. ती दुसऱ्या पोलादावर तयार झालेली होती, एवढेच. नव्या पोलादाला नवी नजर लागणार होती, आणि ती देण्यासाठी कुणीतरी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभे राहणे भाग होते. मूस ओतणाऱ्याच्या मुलाला ते जमले.

१९३९ मध्ये शेफिल्डने त्यांना शहराचे मानद नागरिकत्व दिले. १९४१ मध्ये त्यांनी एक धर्मादाय संस्था काढली. ज्यांना परिस्थितीमुळे शिक्षणाची, प्रवासाची, कलेची संधी मिळत नाही, अशा आपल्या शहरातल्या माणसांना ती मिळावी हा तिचा हेतू. बाराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने ती काढावी, यात नवल नाही. जुलै १९४८ मध्ये टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.

तोवर त्यांच्या सुऱ्या घरोघरी पोचल्या होत्या, आणि त्या कापतही होत्या.